सोळा पानी फॉर्म्याला (एका तावाला घड्या घालून होणाऱ्या जुडीला) आतून चुणी पडते, काय करावं?

मी पुण्यात एका बाइंडिंगखान्यात फोल्डिंग मशीनवर आहे, आधी सहा वर्षं हातघडी केली. सध्या दिवाळी अंकाचं काम आहे. ९० जीएसएमचा (चौरस मीटरला ९० ग्रॅम) गुळगुळीत आर्ट पेपर, तीन घड्या. पहिल्या दोन घड्या सुतात बसतात. तिसरीला आतल्या पानांवर, वरच्या कोपऱ्यात कोंबडीच्या पायासारखी चुणी येते. काल दोनशे फॉर्मे रद्दीत गेले. मालक म्हणतात रोलर बदलू. मला पटत नाही.

उत्तर १
रोलर आधी पुसून तर बघा. आर्ट पेपरची पावडर बसली की कागद तिरका ओढतो.

उत्तर २
दादा, ती हवा आहे. दुसऱ्या घडीत माथा, म्हणजे पानांची वरची कड, बंद होतो, मधे अडकलेल्या हवेला वाट नाही. दुसऱ्या घडीआधी माथ्याच्या रेघेवर परफोरेशनचं (बारीक छिद्रं पाडणारं) दातेरी चाक लावा, म्हणजे तिसऱ्या घडीला हवा निघून जाईल. कटिंगला तो भाग तसाही जातो. रोलरची फट त्याच कागदाच्या पट्ट्या घालून लावता ना? घडीआधी एक पट्टी, पहिल्या घडीनंतर दोन, पुढे चार. डोळ्यांनी लावू नका. आणि ग्रेन (कागदाच्या तंतूंची दिशा) पाठीला, म्हणजे बांधणीच्या कडेला, समांतर आहे का, तेही बघा.

प्रश्नकर्ता
चाक लावलं. मशीनच्या खोक्यातच गंजून पडलं होतं, रॉकेलने घासलं. आता चुणी गेली, पण दात मोठे असल्याने माथा फाटतोय. बारीक दातांचं चाक सुटं मिळतं का कुठे?

उत्तर २
मिळेल. तोवर वेग कमी करा.