मदत हवी आहे: वर्गात पोरं तोंडच उघडत नाहीत, काय करू?

अरुणावती_काठ
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझ्या वर्गात कोणीच बोलत नाही. प्रश्न विचारला की सगळ्या माना खाली, पुन्हा विचारला तर मागच्या बाकावर कुजबुज, आणि पुढच्या मुली वहीत काहीतरी लिहायला लागतात. पीपीटी करून झाली, युट्यूबचे व्हिडिओ दाखवून झाले, रागावून झालं, समजावून झालं. प्राचार्य म्हणतात स्मार्टबोर्ड घेतलाय तो वापरा, नॅकची (कॉलेजला श्रेणी देणारी) टीम येणार आहे, आयसीटी म्हणजे शिकवण्यात तंत्रज्ञान दिसलं पाहिजे. तो लावला की पोरं बोर्डाकडे बघतात, बस. सोमवारी नवीन टॉपिक सुरू करायचाय. ज्यांनी वर्गात खरंच करून पाहिलंय त्यांनी सांगा, बी.एड.च्या पुस्तकातलं नको.

भूगोलवाली
विषय कोणता? वर्ष कोणतं? वर्गात किती जण असतात आणि तास कितीला? हे काहीच लिहिलं नाही तुम्ही. आणि विचारता काय ते पण लिहा. 'समजलं का?' असं विचारत असाल तर त्याला माझ्याही वर्गात कोणी उत्तर देत नाही.

डिजिटल_गुरुजी
काहूट वापरा सर, डोळे झाकून. मी पुण्यात इंजिनिअरिंगला शिकवतो, क्विझ टाकली की पोरं अक्षरशः ओरडतात. नाहीतर मेंटीमीटर, त्यात नाव दिसत नाही त्यामुळे लाजरी मुलंही उत्तर देतात. गुगल फॉर्म तर फुकटच आहे. तासाआधी व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा, वर्गात फक्त चर्चा. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या दोन केमिस्ट्रीच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास हे सुरू केलं, आज जगभर चालतं.

अरुणावती_काठ
डिजिटल सर, आमच्याकडे व्हिडिओ घरी बघून या म्हटलं तर कोण बघेल? फोन घरात एक, तो दिवसा वडिलांकडे किंवा भावाकडे. रेंज वर्गात फक्त खिडकीजवळ येते. लाइट कधी जाईल सांगता येत नाही.
भूगोल मॅडम, अर्थशास्त्र, बी.ए. पहिलं सेमिस्टर. सोमवारचा टॉपिक मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. पटावर शंभराच्या वर, येतात पस्तीस चाळीस, आणि सध्या सोयाबीनची सोंगणी चालू आहे म्हणून त्याहून कमी. तास सव्वाअकराचा. बाराची एसटी गेली की पुढची सरळ तीनला, म्हणून शेवटची दहा मिनिटं अर्धा वर्ग दाराकडेच बघत असतो. 'समजलं का' असं नाही विचारत मी, 'मागणीचा नियम कोण सांगेल' असं विचारतो.

निवृत्त_मास्तर
पटावर शंभर आणि वर्गात चाळीस हीच खरी अडचण आहे. ७५ टक्के हजेरीचा नियम कडक लावा, परीक्षेचा फॉर्म अडवा, वर्ग आपोआप भरेल. आम्ही खडू-फळ्यावर एक पिढी घडवली, तेव्हा कुठले ॲप होते. शिक्षकाचा आवाज खणखणीत आणि अक्षर सुरेख पाहिजे, बाकी काही लागत नाही.

पांढरकवडा_पॅसेंजर
मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे पटत नाही. सोंगणी झाली की कापूस वेचणी लागते, मजुरी किलोवर मिळते, त्या दिवसांत कॉलेजला आलेल्या पोरीचा रोज बुडतो. तिचा फॉर्म अडवला तर ती शेतातच राहील, लग्न होऊन जाईल. हजेरीचा धाक दाखवून वर्ग भरेल हो, पण सरांनी विचारलंय की बसलेली पोरं बोलत का नाहीत.

निवृत्त_मास्तर
मीही शेतकऱ्याच्याच घरचा आहे. वेचणी करून शिकलेलीही मुलं पाहिली. सवलत दिली की सवलतीची सवय लागते एवढंच म्हणणं आहे माझं.

सेट_नेट_२०२५
सर तुम्ही तासिका तत्त्वावर आहात का? मागच्या सत्राचं मानधन जमा झालं का तुमचं? आमच्याकडे अजून नाही. कोणाला सहसंचालक कार्यालयाची प्रोसेस माहीत असेल तर सांगा.

भूगोलवाली
सेटनेट दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं मीही लिहीन. इथं ते नको.
सर, 'नियम कोण सांगेल' हा पाठांतराचा प्रश्न झाला. त्यात उत्तर बरोबर किंवा चूक, आणि चुकलं तर चाळीस जणांसमोर. आणखी एक, विचारल्यावर थांबता किती? मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी वर्गातली टेप ऐकून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब यायला लागतात, जास्त मुलं बोलतात. मी मनात पाच मोजते. सुरुवातीला फार अवघड जातं, वर्गातली शांतता अंगावर येते, पण थांबायचं.

कृषीकेंद्र_वाला
सर मी शिक्षक नाई, पण तालुक्याच्याच कॉलेजातून बी.ए. केलं म्हणून लिहून राहिलो. आमी काऊन नाई बोलत होतो ते सांगतो. उत्तर येत नव्हतं असं नाई. पहिल्या पहिल्या दिवसांत एक पोट्टा उभा राहून बोलला, 'भाव चढला का लोकं कमी घेतेत न जी'. उत्तर बरोबरच होतं. पण तालुक्यातले पोट्टे हासले, अन् सरांनी त्याचं वाक्य पुस्तकाच्या मराठीत करून फळ्यावर लिवलं. सर चांगले होते, त्यांच्या मनात काई नव्हतं. पण तो पोट्टा डिग्री होईपर्यंत पुन्हा उभा नाई राहिला, अन् त्याच्या गावचे आमी जे मागं बसत होतो आमी पण नाई. आमाले अर्थशास्त्राचं भेव नव्हतं, तोंडातून गावची बोली निघाली तर हासतीन याचं होतं. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर कोण बसते ते एकदा पाहा.

अरुणावती_काठ
दादा, आत्ता डोळ्यासमोर वर्ग आणला. मागे सगळी एसटीने येणारी. पुढे तालुक्यातली, ज्यांची ट्यूशन झालीय आणि ज्यांना 'कोण सांगेल' म्हटलं की पाठ केलेलं सांगता येतं, तेही आताशा सांगत नाहीत कारण एकट्यानं हात वर केला की बाकीचे 'ओव्हर' म्हणून चिडवतात. मग आता मुलं न बोलता बोलती कशी करायची हाच प्रश्न झाला.

दर्यापूर_फिजिक्स
न बोलता बोलती करायची पद्धत आहे सर. हार्वर्डला एरिक माझूर म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९१ पासून हे सुरू केलं. प्रश्न फळ्यावर, खाली अ ब क ड. आधी प्रत्येकानं एकट्यानं विचार करून उत्तर ठरवायचं, मग सगळ्यांनी एकदम दाखवायचं. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर 'शेजारी ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला पटवून दे' म्हणायचं, दोन-तीन मिनिटं. मग पुन्हा उत्तरं दाखवायची. ३० च्या खाली असेल तर आपणच नीट समजावायचं, ७० च्या वर असेल तर पुढे जायचं. शेजारच्याशी बोलताना पोरं आपल्या बोलीत बोलतात, तिथं हासायला कोणी नसतं. मी बी.एस्सी.ला करतो, ज्या मुलीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता ती शेजारणीशी भांडत होती की लिफ्ट खाली यायला सुरुवात करताना वजन कमी का वाटतं.
उत्तर दाखवायला फोनची गरज नाही. प्लिकर्स नावाचं आहे, चौकोनी छापील कार्डं, मुलं कार्ड ज्या बाजूनं धरतील ते उत्तर, आपण आपल्या एका फोनच्या कॅमेऱ्यानं वर्गावरून फिरवायचं. रेंज एकाच फोनला लागते, खिडकीजवळ उभं राहा. नॅकला आयसीटी म्हणून दाखवताही येतं. तेही नको तर रंगीत कागदाचे चार तुकडे.

निवृत्त_मास्तर
हार्वर्डचं इथं आणून काय होणार? तिथली मुलं निवडून घेतलेली असतात. आपल्या वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन समिती त्यातूनच आली, नई तालीम सेवाग्रामला उभी राहिली. हाताला काम आणि त्यातून शिक्षण. ते आपण सोडलं आणि आता कार्डं दाखवतोय.

दर्यापूर_फिजिक्स
मास्तर, नई तालीमचा मुद्दा मान्य. पण ती ७ ते १४ वयाच्या मुलांसाठी आखलेली होती, आणि सरांना सोमवारी ४५ मिनिटांत लवचिकता शिकवायची आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणारे ३४ टक्क्यांच्या जवळ, आणि मुलांना काहीतरी करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गात २२ च्या जवळ. हा फरक मोठा आहे.

पांढरकवडा_पॅसेंजर
ते सगळे वर्ग सायन्स, इंजिनिअरिंग, गणिताचे होते, मी तो पेपर वाचलाय. अर्थशास्त्राला आणि आपल्या कॉलेजला तो आकडा जसाच्या तसा लावू नका. पद्धतीला माझा विरोध नाही.
आणि मास्तरांचं अर्धं म्हणणं मला आवडलं. सर, पोरांना एकदा बाजार समितीत घेऊन जा. लिलाव पाहू द्या, आवक आणि भाव रोज लिहून आणायला सांगा. फळ्यावरची मागणीची रेषा काय आहे ते तिथं कळेल.

कृषीकेंद्र_वाला
यार्डात तर ते बापासोबत रोजच जातेत. सध्या सोयाबीनच्या ओलाव्यावरून भांडणं चालू आहेत, सरकारी खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याच्या वर माल घेत नाईत. २०२४ ले १५ पर्यंत सूट भेटली होती. यंदाचं कोणाले माहीत असन तर सांगा.

डिजिटल_गुरुजी
स्मार्टबोर्डचं पेन नीट चालत नसेल तर आधी कॅलिब्रेशन करा, सेटिंगमध्ये चार कोपऱ्यांना टच करायला सांगतो. बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम तिथंच असतो.

अरुणावती_काठ
डिजिटल सर, पेन व्यवस्थित चालतं.
फिजिक्स सरांची पद्धत सोमवारी करतोय, कागदाच्या तुकड्यांनी. टॉपिक मागणीची लवचिकता. प्रश्न असा काढलाय, बघा बरं: 'यंदा सगळीकडे सोयाबीन भरपूर पिकलं. शेतकऱ्यांच्या हातात एकूण पैसा अ) मागच्या वर्षीपेक्षा जास्त येईल ब) कमी येईल क) तेवढाच येईल.' मला वाटतं बहुतेक 'अ' म्हणतील, आणि मागच्या बाकावरची 'ब' म्हणतील कारण त्यांनी ते घरी पाहिलंय. मग त्यांनाच पटवून द्यायला सांगायचं.

पांढरकवडा_पॅसेंजर
कल्पना झकास आहे पण प्रश्नात गडबड आहे. मी एम.ए. अर्थशास्त्र. सोयाबीनचा भाव फक्त आपल्या पिकावर ठरत नाही, खाद्यतेल आपण बाहेरून आणतो, पेंड बाहेर पाठवतो, आयात शुल्क बदललं की भाव बदलतो. एखादी हुशार पोरगी म्हणेल 'सांगता येत नाही' आणि ती बरोबर असेल. कापसाचंही तसंच. लवचिकता शिकवायला असा माल घ्या जो तिथंच पिकतो, तिथंच विकतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. टोमॅटो घ्या.

अरुणावती_काठ
आमच्या भागात टोमॅटो फार कोणी लावत नाही. संत्रा चालेल?

पांढरकवडा_पॅसेंजर
संत्र्याचं नको, तो वरुड-मोर्शीकडचा, आणि बांगलादेशनं आयात शुल्क वाढवल्यापासून त्याचं गणितही बाहेरून ठरतं.

भूगोलवाली
सांभार (कोथिंबीर) घ्या ना! आठवडी बाजारात थंडी लागली की सांभार आणि मेथीचा ढीग येतो, संध्याकाळी जुडी कोणी घेत नाही, माय माघारी नेऊन गायीला टाकते. भाव कितीही उतरला तरी एका घरात सांभार लागून लागून किती लागणार. तुमच्या वर्गातल्या किती पोरी आईसोबत बाजारात बसत असतील, विचारून पाहा. नको, सगळ्यांसमोर विचारू नका. प्रश्न टाका, त्या कार्डं दाखवतील.

कृषीकेंद्र_वाला
सांभार एक नंबर. अन् प्रश्न 'कोथिंबीर' लिवून नका टाकू सर.

अरुणावती_काठ
बरोबर. मग असं: 'मंगळवारच्या बाजारात नेहमीपेक्षा दुप्पट सांभार आला, भाव निम्म्याच्या खाली गेला. विकणाऱ्या बाईच्या हातात अ) नेहमीपेक्षा जास्त पैसे ब) कमी पैसे क) तेवढेच पैसे.'

दर्यापूर_फिजिक्स
'निम्म्याच्या खाली' काढून टाका. ते सांगितलं की नुसता गुणाकार उरतो, आणि 'ब' शिवाय उत्तरच राहत नाही. 'दुप्पट सांभार आला' एवढंच ठेवा, भाव किती पडेल यावरच तर त्यांनी भांडायचंय. कोणी म्हणेल थोडा पडेल, कोणी म्हणेल फुकट जाईल. भांडण झाल्यावर दुसरा प्रश्न टाका, सांभाराच्या जागी मोबाईलचा रिचार्ज अर्ध्या किमतीत मिळाला तर काय. मग व्याख्या.

निवृत्त_मास्तर
व्याख्या शेवटी, हे चांगलं सुचवलं. मी नेहमी आधी लिहून द्यायचो. सर, फळ्यावर त्यांचंच वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि खाली पुस्तकाचं लिहा. दोन्ही राहू द्या, परीक्षेत त्यांना दोन्ही लागेल.

अरुणावती_काठ
मास्तर, हे नक्की करतो. कार्डं आज रात्री कापतो. एक शेवटचं विचारतो, शेजाऱ्याशी बोला म्हटल्यावर मागची मागच्यांशी आणि पुढची पुढच्यांशीच बोलतील, जागा बदलायला लावू का?

भूगोलवाली
पहिल्या दिवशी अजिबात नको. बसू द्या जिथं बसतात तिथं, शेजारी ओळखीचा असला तरच तोंड उघडेल. तुम्ही मात्र फळ्याजवळ थांबू नका, मागच्या बाकाजवळ जाऊन उभे राहा आणि ऐका. आणि हे सगळं साडेअकराच्या आत सुरू करा, पावणेबाराला त्यांचं लक्ष एसटीत जाईल.

दर्यापूर_फिजिक्स
कार्डं जाड कागदाची करा आणि चारही रंग वेगळे ठेवा, लांबून दिसले पाहिजेत. छातीशी धरायला सांगा, डोक्यावर नाही, म्हणजे मागच्याला पुढच्याचं उत्तर दिसत नाही. तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम. कोणाचं काय आलं ते नाव घेऊन बोलू नका, फळ्यावर फक्त आकडे मांडा.