मदत हवी आहे: डिक्सी डीनचे ६० गोल आणि ऑफसाइडचा नियम

मंडळी, भाच्याशी पैज लागली आहे. एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या डिक्सी डीनने १९२७-२८ च्या हंगामात लीगच्या ३९ सामन्यांत ६० गोल केले. साठीसाठी शेवटच्या दिवशी आर्सेनलविरुद्ध हॅटट्रिक (तीन गोल) हवी होती, तीही मारली! त्याआधी १९२६ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याची कवटी फुटली होती, आणि तरी हा गडी हेडरसाठीच, म्हणजे डोक्याने मारलेल्या गोलांसाठीच गाजला.

भाचा म्हणतो, "मामा, गोल स्वस्त होते तेव्हा." १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. चेंडू पुढे दिला जाताना हल्लेखोर आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागलं. मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने १९२६-२७ मध्ये दुसऱ्या विभागात ५९ ठोकले, म्हणजे पोराचं अगदीच चूक नाही. पण मग डीनचे इंग्लंडसाठी १६ सामन्यांत १८ गोल, तेही नियमामुळेच का?

मला त्या काळातले प्रत्येक हंगामाचे एकूण गोल आणि अव्वल पाच गोलवीरांचे आकडे एकत्र कुठे मिळतील? नव्या नियमाला उत्तर म्हणून संघांनी सेंटर-हाफला (मधल्या फळीतल्या खेळाडूला) तिसरा बचावपटू म्हणून मागे खेचल्यावर डीनचे गोल किती घटले, हेही पाहायचंय. जाणकारांनी कृपया सांगा. पैज मिसळीची आहे.