गुद्दा, ठोसा, टोला आणि दणका

भाच्याला कॉलेजच्या अंकासाठी बॉक्सिंगमधल्या हेवीवेट विजेत्यांवर लेख लिहायचाय. परवा विचारायला आला, "मामा, पंचिंग पॉवरला मराठीत काय?" वहीत त्यानं 'मुष्टिप्रहारक्षमता' लिहून आणलं होतं. म्हटलं, एवढा शब्द उच्चारेपर्यंत समोरचा उठून उभा राहील.

पेपरवाले सगळ्यालाच ठोसा म्हणतात. खरं तर ठोसा सरळ जातो. डिऑन्टे वाइल्डरचा उजवा हात म्हणजे ठोसा. २०१५ साली विजेतेपदाच्या लढतीला उतरण्याआधी त्यानं ३२ पैकी ३२ जणांना नॉकआउट केलं होतं. जॉर्ज फोरमनचा मात्र टोला. हात लांबून फिरत यायचा, विटीला दांडू बसावा तसा. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये त्याच्यासमोर जो फ्रेझिअर दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली गेला. शेवटी शेवटी तर पाय जमिनीवरून सुटले त्याचे.

आणि गुद्दा? तो जवळून, कोपर दुमडून. शाळेत बाकावर शेजारच्याच्या पाठीत घालतात आणि मास्तरांना पत्ता लागत नाही, तो. रॉकी मार्सियानो १९५२ साली जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध गुणांत मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एक आखूड गुद्दा बसला आणि वॉलकॉट रिंगच्या दोरांवरून घसरत खाली आला. मार्सियानोच्या ४९ विजयांतले ४३ नॉकआउट.

आता आमच्या सोलापूरची गंमत. शेजारचे काका पूर्व भागातले, जन्म यंत्रमागावर गेला, घरी तेलुगू. त्यांना 'गुद्दा' समजावून सांगायला लागलो तर म्हणाले, "अरे, आमच्यात गुद्दुच की!" कन्नडमध्येही गुद्दुच. कोणी कोणाला दिला याचा वाद आपण सोलापूरकरांनी घालू नये, इथं तिन्ही भाषा एकाच हॉटेलात चहा पितात. काकांनी वर मागाचा दाखला दिला. धोटा, म्हणजे आडवं सूत नेतो तो, लांबून ढकलत नाहीत, आखूड झटक्यानं हाणतात, म्हणून तो या टोकाचा त्या टोकाला जातो. झटका दाखवताना कप आडवा झाला, ते जाऊ द्या.

(धपाटा यात धरू नका. तो उघड्या पंजाचा, आणि आमच्याकडे दह्यासोबत खातात.)

मग 'पॉवर' कशाला म्हणायचं? माझं मत, दणका. ठोसा मारणाऱ्याचा असतो, दणका खाणाऱ्याला बसतो. १९८६ साली वीस वर्षांच्या टायसननं ट्रेव्हर बर्बिकला हाणलं. बर्बिक उठायला गेला, तोल जाऊन पडला, पुन्हा उठला, पुन्हा कोलमडला. मार एकदाच, पडणं तीनदा. हा दणका. 'न्यायालयाचा पालिकेला दणका' असं छापतात तेव्हा न्यायाधीशांनी हात उगारलेला नसतो, पालिका हललेली असते.

एका वाचकाचा प्रतिसाद : 'जोर' का नको? आणि बुक्की राहिली.

माझं उत्तर : जोर हातात असतो, तो समोरच्यापर्यंत पोचेलच असं नाही. १९७४ साली किन्शासात फोरमनचा जोर काय कमी होता? मुहम्मद अलीनं दोरांना टेकून टोले दंडांवर झेलले, दणका बसू दिला नाही आणि आठव्या फेरीत त्यालाच आडवं केलं. उलट १९९४ ला पंचेचाळिशीच्या फोरमनकडे ना वेग होता ना दम, तरी दहाव्या फेरीत मायकेल मूरर खाली. तिथं मात्र तो आखूड उजवा होता, म्हणजे म्हातारपणी टोल्यावरून गुद्द्यावर आला. बुक्कीचं म्हणाल तर ती लाथेशिवाय घराबाहेर पडत नाही, कायम लाथाबुक्क्या.

अपरकट मी अपरकटच ठेवायला सांगितलाय. आपल्याकडच्या भांडणात हनुवटीखालून कोणी मारत नाही, आधी कॉलर धरतात.