मदत हवी आहे: मशीनवर शुगर ६.२ दाखवतेय, समजायचं काय?

नमस्कार. आम्ही सेलूचे. अण्णांना (वडील) सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. आजवर लॅबमध्येच तपासायचो, उपाशीपोटी १३०, जेवणानंतर १९० असे आकडे यायचे. दिवाळीला भाऊ ऑस्ट्रेलियाहून आला, तिकडची मशीन घेऊन. परवा सकाळी तिच्यावर ६.२ आलं. आईला वाटलं पॉइंट उगीच आलाय, ६२ असणार, शुगर उतरली! लगेच अण्णांच्या हातावर गुळाचा खडा, वरून साखरेचं पाणी. अण्णा सांगायलेत, मला ना घाम ना थरथर, पण ऐकतंय कोण. तासाभरानं १०.४. शेजारचे गुरुजी म्हणाले, हा तीन महिन्यांच्या टेस्टचा आकडा, म्हणजे लई वाढली. भाऊ म्हणतो, "तिकडं असंच येतं."

मशीन बिघडली का? सेटिंग बदलता येतं का?

प्रतिसाद १
मशीन ठीक आहे, एकक वेगळं आहे. आपल्याकडे आणि अमेरिकेत एका डेसिलिटरमध्ये, म्हणजे १०० मिलीत, किती मिलिग्रॅम साखर ते मोजतात. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, कॅनडात लिटरमागे किती मिलिमोल ते. एक मिलिमोल ग्लुकोज म्हणजे १८० मिलिग्रॅम. ते लिटरमागे, म्हणून डेसिलिटरमागे १८. मशीनच्या आकड्याला १८ नं गुणा, झालं. ६.२ म्हणजे ११२. उपाशीपोटी असेल तर अण्णांच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा चांगलीच की! १०.४ म्हणजे १८७, गूळ-साखर खाल्ल्यावर दुसरं काय येणार?

आईंना मात्र एक आकडा पाठ करायला सांगा: ३.९. तो आपला ७०. त्याच्या खाली गेलं की साखर द्यायची.

गुरुजींची टेस्ट म्हणजे एचबीएवनसी. ती टक्क्यांत येते आणि ही मशीन ती दाखवत नाही. परदेशी रिपोर्टवर तिचा आकडा ५३ असाही दिसतो, तो आपला ७ टक्के. तिथं १८ चा गुणाकार लावू नका.

प्रतिसाद २
बऱ्याच मशीनमध्ये एकक कारखान्यातच पक्कं केलेलं असतं, बदलत नाही. शिवाय पट्ट्या त्याच मॉडेलच्या लागतात. आणलेल्या संपल्या की मशीन शोकेसमध्ये. माझं ऐकाल तर इथलीच घ्या. लॅबशी आकडा तंतोतंत जुळणार नाही, दहा-पंधरा टक्के फरक धरून चाला.
एक विचारतो, १०.४ आलं तेव्हा हात धुतले होते का? बोटाला गूळ लागलेला असला तर थेंबात तोच मोजला जातो.

धागाकर्ता
नव्हते धुतले! खडा बराच वेळ मुठीतच होता. आज साबणानं हात धुऊन, कोरडे करून उपाशीपोटी घेतली, ६.८. म्हणजे १२२. डॉक्टरांना दाखवायच्या वहीत आता दोन्ही आकडे लिहितो. अण्णांना अठराचा पाढा तोंडपाठ आहे, सुई टोचायच्या आधीच म्हणायला लागलेत.