पतसंस्थेतील ठेवींचे व्याज, न भरलेला अग्रिम कर आणि २३४बी-२३४सी खालील आकारणी

प्रश्न : निवृत्त शिक्षक, मंगरुळपीर तालुका

सर्वांना नमस्कार. माझी जन्मतारीख १५ जून १९६५ असून जिल्हा परिषदेच्या शाळेतून ३० जून २०२३ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, मी निवृत्त झालो. उपदान, भविष्य निर्वाह निधी आणि अंशराशीकरणाची जी रक्कम हाती आली, तिचा थोडा भाग बँकेत आणि मोठा भाग तालुक्यातील एका पतसंस्थेत मुदत ठेवीत ठेवला. पतसंस्थेत व्याजाचा दर जास्त होता आणि ‘आमच्याकडे सभासदांचा टीडीएस (रक्कम देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापला जात नाही’ असे मला तेथे सांगण्यात आले. टीडीएस नाही म्हणजे त्या व्याजावर करही नाही, असाच मी अर्थ घेतला.

आता आर्थिक वर्ष २०२४-२५ चे विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा घोळ लक्षात आला. निवृत्तिवेतन ५,४०,००० रुपये, बँकेचे व्याज १,६०,००० रुपये (त्यावर १६,००० रुपये टीडीएस कापला आहे) आणि पतसंस्थेचे व्याज २,७५,००० रुपये आहे. नवीन करप्रणाली घेतली आहे. चार एकर शेतीतून सोयाबीन आणि तुरीचे खर्च वजा जाता साठ हजार सुटले, पण शेती करमुक्त असल्याने ते कोठे लिहिलेले नाही. सगळे आकडे भरल्यावर पडद्यावर कराच्या खाली आयकर कायद्यातील कलम २३४बी आणि २३४सी अशा दोन ओळी आल्या आणि त्यांच्यापुढे मिळून २,३१५ रुपये दिसत आहेत. नोकरीत असताना माझ्याकडे कराचा एक पैसाही कधी मागे राहिला नाही, कारण पगारातूनच तो कापला जात असे. त्यामुळे हा दंड पाहून मनाला लागले. तो माफ होऊ शकतो का? विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली आहे, तर सोयाबीन निघण्याच्या सुमारास, सप्टेंबरमध्येच पैसे भरले तर चालेल का?

उत्तर १ : विवरणपत्रे भरून देणारा, कारंजा लाड

गुरुजी, नमस्कार. प्रथम मनावरचा भार हलका करतो. हा दंड नसून व्याज आहे आणि त्यामुळे आपल्यावर कोणताही ठपका येत नाही. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक येणार असेल, तर तो वर्ष चालू असतानाच चार हप्त्यांत भरायचा असतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण, असे ते हप्ते आहेत. यालाच अग्रिम कर म्हणतात. हप्ता चुकला की २३४सी लागते. ३१ मार्चपर्यंत ९० टक्केही भरणा झाला नसेल, तर १ एप्रिलपासून २३४बी सुरू होते. दोन्हींचा दर महिन्याला एक टक्का आहे.

आपले करपात्र उत्पन्न प्रमाणित वजावटीनंतर ९,००,००० रुपये होते. त्यावर कर ४०,००० रुपये, उपकरासह ४१,६०० रुपये आणि टीडीएस वजा जाता बाकी २५,६०० रुपये. २३४सी खाली पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर प्रत्येकी तीन टक्के आणि शेवटच्या हप्त्याच्या तुटीवर एक टक्का धरतात आणि तुटीची रक्कम शंभरच्या पटीत खाली आणतात. म्हणून ३,८०० वर ११४, ११,५०० वर ३४५, १९,२०० वर ५७६ आणि २५,६०० वर २५६, असे १,२९१ रुपये झाले. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे २३४बी खालील व्याज १,०२४ रुपये आहे. बेरीज २,३१५, म्हणजे पडद्यावरचा आकडा बरोबर आहे.

सप्टेंबरपर्यंत मात्र कृपया थांबू नका. वाढलेली मुदत विवरणपत्र दाखल करण्याची आहे, त्यामुळे उशिरा दाखल करण्याचे २३४ए खालील व्याज तेवढे टळते. २३४बी चे व्याज पैसे जमा होईपर्यंत चालूच राहते आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. ३१ जुलैऐवजी १ ऑगस्टला भरणा केला तर २५६ रुपये जास्त जातील. आधी कर भरा, विवरणपत्र सवडीने दाखल करा.

माफीविषयी स्पष्टच लिहितो. हे व्याज अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अंजुम घासवाला प्रकरणात सांगितले आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २६ जून २००६ च्या आदेशाने मुख्य आयुक्तांना काही ठरावीक परिस्थितीत, उदाहरणार्थ धाडीत हिशेबाच्या वह्या जप्त झाल्या असतील तर, सूट देता येते. नियमाची माहिती नव्हती हे कारण त्यात बसत नाही. दोन-सव्वादोन हजारांसाठी अर्ज करत बसण्यात आपला वेळ जाईल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जाता जाता एक गोष्ट, जी मला दरवर्षी खटकते. ज्या निवासी व्यक्तीला त्या आर्थिक वर्षात ६० वर्षे पूर्ण होतात आणि जिला धंद्याचे किंवा व्यवसायाचे उत्पन्न नाही, तिला अग्रिम कर लागूच नाही. पण आपल्याकडे जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. मधल्या दोन वर्षांत हातात आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम असते, कर कापून घेणारे कार्यालय मागे राहिलेले असते आणि साठीची सवलत अजून मिळालेली नसते. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे आलेल्या निवृत्त शिक्षकांपैकी बहुतेक जण याच फटीत सापडले होते. त्यांच्यापैकी कोणालाही निवृत्तीच्या वेळी हे समजावून सांगितलेले नव्हते.

उत्तर २ : लेखापाल, वरूड

वरील हिशेब नीट मांडला आहे, परंतु त्यात शेती राहून गेली. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे. मात्र ते ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर जात असेल, तर कराचा दर ठरवण्यासाठी ते मिळवावे लागते. आमच्याकडे संत्र्याच्या बागाइतदारांचा आणि ठेवीदारांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

गुरुजींच्या बाबतीत ९,६०,००० वरचा कर ४६,००० रुपये येतो. त्यातून ३,६०,००० वरचा, म्हणजे तीन लाखांची करमुक्त मर्यादा अधिक शेतीचे साठ हजार यांवरचा, ३,००० रुपये कर वजा करायचा. कर ४३,०००, उपकरासह ४४,७२० आणि टीडीएस वजा जाता बाकी २८,७२० रुपये राहते. जुलैत भरणा केल्यास २३४सी खाली १,४४८ आणि २३४बी खाली १,१४८ रुपये लागतील. एकूण ३१,३१६, दहाच्या पटीत ३१,३२० रुपये. शेतीचे उत्पन्न विवरणपत्रात लिहिले की हा फरक आपोआप धरला जातो, पण ते लिहिले पाहिजे.

चलान भरताना करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) २०२५-२६ आणि प्रकार सेल्फ असेसमेंट टॅक्स, क्रमांक ३००, निवडा. आर्थिक वर्ष आणि करनिर्धारण वर्ष यांची गल्लत करून २०२४-२५ निवडलेली चलाने माझ्याकडे दर हंगामात येतात. पोर्टलवर चलान दुरुस्तीची सोय आहे, पण तोवर विवरणपत्र अडकून पडते.

उत्तर ३ : कार्यरत शिक्षिका, दारव्हा

गुरुजी, जे अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहिते. माझ्याही ठेवी पतसंस्थेत आहेत. दरवर्षी मी व्याजाचा अंदाज लेखी स्वरूपात मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीच्या लेखा शाखेला देते आणि त्यावरचा कर माझ्या पगारातूनच कापून घेते. टीडीएस वर्षात केव्हाही, अगदी फेब्रुवारीच्या पगारातून कापला गेला तरी हप्त्यांचा हिशेब तो वजा करूनच होतो, त्यामुळे २३४सी लागत नाही. पहिल्या वर्षी कार्यालयातील लिपिकांनी ‘असे कोणी करत नाही’ म्हणून अर्ज परत केला होता. कायद्यात कलम १९२ मध्ये तशी तरतूद असल्याचे दाखवल्यावर त्यांनी तो स्वीकारला.

उत्तर ४ : अडत व्यवसाय, वाशिम

माझ्या मुलाचे कृषी केंद्र आयकराच्या कलम ४४एडी खाली अंदाजित नफ्यावर आहे, म्हणून तो सगळा अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरतो. माझी बाजार समितीत अडत आहे. मलाही तसेच चालेल का?

उत्तर ५ : विवरणपत्रे भरून देणारा, कारंजा लाड

भाऊ, नाही. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी लागू होत नाही. अडतीवर तुम्हाला चारही हप्ते पाळावे लागतील. मात्र १५ जूनला किमान १२ टक्के आणि १५ सप्टेंबरला किमान ३६ टक्के भरले असतील, तर त्या दोन हप्त्यांसाठी व्याज लागत नाही. हंगाम दिवाळीनंतर जोर धरतो हे लक्षात घेता ही सवड उपयोगी पडते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज बँकेच्या शाखेत जाऊन ३१,३२० रुपयांचे चलान भरले. पावतीवरचे करनिर्धारण वर्ष तेथेच उभे राहून दोनदा तपासले. आता दोन गोष्टी विचारतो. यावर्षीच्या अग्रिम कराचे काय करावे? आणि मागील वर्षीच्या, म्हणजे २०२३-२४ च्या विवरणपत्रात मी पतसंस्थेचे व्याज दाखवलेच नव्हते. ते आठवल्यापासून झोप लागत नाही.

उत्तर ६ : विवरणपत्रे भरून देणारा, कारंजा लाड

गुरुजी, यावर्षी १५ जूनला आपण साठ वर्षांचे झालात, त्यामुळे अग्रिम कर लागू नाही. शिवाय २०२५-२६ पासून नवीन प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्याने आपल्याला करच येणार नाही. बँकेत १५एच (कर लागत नसल्याच्या घोषणेचा अर्ज) दिला तर टीडीएसही कापला जाणार नाही. विवरणपत्र मात्र भरावेच लागेल आणि पतसंस्थेचे व्याज व शेती त्यात दाखवावी लागेल.

२०२३-२४ साठी अद्ययावत विवरणपत्र भरता येते. ३१ मार्च २०२६ पर्यंत भरले तर कर आणि व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा रक्कम द्यावी लागते. त्यानंतर तीच ५० टक्के होते. विभागाने आधी नोटीस काढली आणि उत्पन्न कमी दाखवल्याचे ठरले, तर त्या कराच्या ५० टक्के दंड लागू शकतो, आणि तो मात्र खरोखरीचा दंड असतो. पतसंस्थेकडून १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळातील व्याजाचा शिक्क्यानिशी दाखला घ्या. पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहून दिलेला आकडा घेऊ नका. दाखला आणि त्या वर्षीच्या विवरणपत्राची प्रत घेऊन या, आपण समोर बसून हिशेब करू.