माल्टा: बाबांना किनाऱ्यावरचा टेहळणी बुरूज दाखवायचाय, कोणता बघावा?

प्रिया_सातारा
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आईबाबांना घेऊन माल्टाला जातोय. व्हॅलेटा आणि मदिना ठरलंय. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, पण अजून दर पावसाळ्यानंतर सज्जनगड-अजिंक्यतारा चालूच असतो. किनाऱ्यावरचे बुरूज बघायचेच म्हणून हट्ट धरलाय. हाताशी अर्धाच दिवस आहे आणि फिरणं बसने. मेल्लिहाचा लाल बुरूज बघावा की दुसरा कुठला? आईचे गुडघे दुखतात, जिने फारसे झेपत नाहीत.

मेल्लिहाची_नर्स
प्रियाताई, मी मेल्लिहातच राहते, इथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी माझे पाय आपोआप त्या बुरुजाकडे वळतात. काकांना तिथेच न्या.

व्हॅलेटाहून चिरकेव्वाकडे जाणारी ४१ किंवा ४२ पकडा. आदिराची वाळूची पुळण मागे टाकली की उतरायचं आणि डांबरी चढ चढायचा. चढ खडा आहे, सावली अजिबात नाही. पाणी आणि टोपी विसरू नका. बुरुजाच्या दारापर्यंत बाहेरून लांब दगडी जिना, आत गच्चीवर जायला अरुंद गोल जिना. काकूंना हे जमणार नाही, स्पष्टच सांगते.

तेव्हा माल्टावर सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं, त्यांच्या प्रमुखाला ग्रँडमास्टर म्हणत. ग्रँडमास्टर लास्कारिसच्या काळात, १६४७ ते १६४९ मध्ये हा बांधला. चौकोनी, चार कोपऱ्यांना चार मनोरे. चाळीस दिवस वेढा पडला तरी पुरेल एवढा दाणागोटा आणि दारूगोळा आत ठेवायचे. दुरुस्ती केली 'दिन लार्त हेल्वा' या स्वयंसेवी संस्थेने. फरशीचे जुने दगड पार झिजून गेले होते, त्यांनी ते उखडले नाहीत. त्या दगडांवरच लाकडी फळ्यांची जमीन घातली आणि मध्ये मध्ये काच बसवली. काकांना त्या काचेपाशी वाकून बघायला सांगा. ज्या दगडांवरून शिपाई वावरले तेच खाली दिसतात, झीज, खड्डे सगळं जसंच्या तसं.

पण खरी गोष्ट गच्चीवर आहे. समोर कोमिनो बेट, त्यावर १६१८ चा बुरूज, आणि मागे गोझो. १५५१ मध्ये तुर्कांनी गोझोवर धाड घालून जवळजवळ अख्खं बेट गुलाम म्हणून नेलं, हजारो माणसं. वर उभं राहिलं की मधला समुद्र किती अरुंद आहे ते दिसतं आणि पोटात कालवतं. म्हणून हे बुरूज एकेकटे बघूच नयेत असं मला मनापासून वाटतं. नंतरचा ग्रँडमास्टर दे रेदिन, त्याने १६५८-५९ मध्ये आणखी तेरा बांधले, ते एकाला दुसरा दिसेल अशा बेताने. गलबत दिसलं की दिवसा धूर, रात्री जाळ, आणि खबर बुरुजाबुरुजाने व्हॅलेटापर्यंत. काकांना गच्चीवरून पुढचा बुरूज स्वतः शोधू द्या, तुम्ही बोट दाखवू नका.

स्लीमाकर
काकूंसाठी सुचवतो. स्लीमाच्या टॉवर रोडवर, समुद्रालगतच्या सपाट फरसबंदीवर दे रेदिनचाच सेंट ज्युलियन्स बुरूज आहे. आता तिथे खानावळ चालते. काकू बाकावर बसून निवांत बघू शकतील. त्यांची संध्याकाळही चांगली जाईल.

प्रिया_सातारा
दोघांचेही आभार! बाबांना वाचून दाखवलं. ते विचारतायत, हाजर इमची प्राचीन दगडी देवळं बघायला गेलो तर तिकडे आसपास एखादा बुरूज आहे का?

मेल्लिहाची_नर्स
आहे की! हमरिया बुरूज. हाजर इम आणि शेजारचं म्नायद्रा, दोन्ही देवळांपासून चालत जाता येतं, हाही दे रेदिनच्या तेरांपैकी. छोटासा, चौकोनी, समोर फिल्फ्लाचा खडक. आत नाही गेलात तरी चालेल, बाहेरून बांधणी नीट कळते. पण दोन्हींतून एकच निवडायचा तर लाल बुरूजच. आणि निघण्याआधी संस्थेच्या पानावर उघडण्याच्या वेळा बघा, स्वयंसेवक सांभाळतात, त्यामुळे वेळा बदलत असतात. मी त्या आठवड्यात सुट्टीवर असले तर आदिराच्या थांब्यावर येते, काकांना चढावर सोबत होईल आणि तोवर काकू माझ्या घरी चहा घेतील.

प्रिया_सातारा
ताई, तारखा व्यनि करते. आई आत्ताच विचारतेय, तुमच्यासाठी मेतकूट आणू की कुळथाचं पीठ?