दिवाळीच्या सुट्टीत अंगकोर वाट : तिकीट आणि क्रम

कोथरूडकर :
नरकचतुर्दशीला रात्री सिएम रीपला (कंबोडियातलं, अंगकोर वाट मंदिराजवळचं शहर) पोचतोय, हातात पुढचे तीन दिवस. सोबत आई (गुडघे दुखतात) आणि ११ वर्षांची मुलगी. सूर्योदय, अगदी वरचा मजला आणि महाभारताचं कोरीवकाम चुकवायचं नाही. तिकीट कोणतं घ्यावं, क्रम कसा लावावा?

सदाशिवपेठी :
एक दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२. तीनचंच घ्या. मंदिराच्या दारात तिकीट मिळत नाही. शहरातल्या अधिकृत केंद्रावर फोटो काढून देतात, नाहीतर त्यांच्या साइटवर. १२ वर्षांखाली फुकट, पण मुलीचा पासपोर्ट जवळ हवा. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटलेली असली तरी घेत नाहीत.

विमाननगर_२ :
लक्ष्मीपूजनाला वर जायचा बेत आखू नका! अमावास्या, पौर्णिमा आणि अष्टमी हे तिथे बौद्धांचे पवित्र दिवस, त्या दिवशी वरचा मजला (बाकान) बंद असतो. तिथल्या पंचांगात एखादा दिवस पुढेमागे होतो, म्हणून थेट भाऊबीज धरा. १२ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत आणि जिना फार उभा आहे, तेव्हा आई आणि मुलगी खालीच थांबतील. तुम्ही तेवढे वर जाऊन या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. नुसती ओढणी खांद्यावर घेतली तर परत पाठवतात, बाह्यांचा कुडता घाला.

शिल्पवेडी :
मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सूर्य शिखरांच्या मागून वर येतो. पाचला आत शिरा आणि डावीकडच्या तळ्याच्या काठी जागा धरा. खंदकापासून मुख्य इमारतीपर्यंत अर्ध्या किलोमीटरहून जास्त चाल आहे आणि सावली जवळजवळ नाही, आईंना ऊन चढायच्या आत न्या.

कोरीवकामासाठी पश्चिम दारातून आत गेल्यावर उजवीकडे वळा : कुरुक्षेत्र. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, मधे नुसती गर्दी. कौरवांच्या बाजूला वरच्या अंगाला शरशय्येवरचे भीष्म शोधा, मुलीला तेच दाखवा. तसंच पुढे, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट, चालत राहिलं की पूर्वेकडे समुद्रमंथन लागतं. जवळपास ५० मीटर लांब, मधोमध कूर्मावर विष्णू, देवांच्या टोकाला वासुकीची शेपटी धरलेला वानर. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी उजेड असतो, पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीननंतर. एकाच फेरीत दोन्ही उरकू नका : मंथन सूर्योदयानंतर लगेच बघा, कुरुक्षेत्रासाठी दुसऱ्या दिवशी दुपारी या.

कोथरूडकर :
म्हणजे पाडव्याला सूर्योदय आणि मंथन, भाऊबीजेला सकाळी बाकान, दुपारी कुरुक्षेत्र. लक्ष्मीपूजनाला अंगकोर थोम (जवळचं जुन्या राजधानीचं शहर).

सदाशिवपेठी :
बरोबर. अंगकोर थोममधल्या बायोन मंदिराचे दगडी चेहरे सकाळीच बघा, दुपारी दगड तापतो.